बाईंचं मत

दि. ३ जुलै

चि. भाऊस,
अ. उ. आ. तुझे केस पिकले तरी आशीर्वादातून सुटका नाही.

पत्र पोचलं. नातवाचा खोकला थांबला का? मी ठणठणीत आहे, आणि वर पुन्हा कामाला लागले आहे. आपल्या दोन खोल्यांच्या शाळेच्या समितीवर मला घेतलंय. कुणीतरी निवृत्त शिक्षिका हवी होती म्हणे. अध्यक्ष कोण, ओळख पाहू! औषधांच्या दुकानातला गोट्या. टक्कल पडलंय, चष्मा लागलाय, पण मी खोलीत शिरले तसा खुर्ची मागे सारून ताडकन उठला. तो उठला म्हणून बाकीचेही उठले. सगळे माझ्याच हाताखालून गेलेले. मी बसा म्हटलं, तेव्हा कुठे सभा सुरू झाली.

विषय मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. मुलं कमी झाली, तेव्हा आपली शाळा बंद करून त्यांना पुलापलीकडच्या मोठ्या शाळेत पाठवायचं, असा गोट्याचा ठराव. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, ज्या खोलीत पहिली एका भिंतीकडे तोंड करून बसायची, दुसरी समोरच्या भिंतीकडे, आणि मी मधोमध उभी राहून इकडे बेरीज, तिकडे वजाबाकी चालवायचे, त्या खोलीला कुलूप लावायचं? ठरावाविरुद्ध कोण, असं विचारल्याबरोबर मी हात वर केला. बघते तो सगळ्यांचे हात वर. गोट्याचासुद्धा! जिंकली बघ तुझी ताई.

लोभ कमी करू नकोस, आणि पत्रं तर मुळीच कमी करू नकोस.

तुझी,
ताई

दि. ११ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि. गुडघे कुरकुरतात, तेव्हा साष्टांग फक्त कागदावर.

नातू बरा आहे. तुझं पत्र वाचून एकटाच हसत बसलो. मग हसू ओसरलं आणि ती खोलीच डोळ्यांसमोर आली. पहिलीत माझं तोंड भिंतीकडे असायचं, पण कान पाठीमागच्या दुसरीकडे. त्यामुळे दुसरीत गेलो तेव्हा वजाबाकी मला आधीच येत होती, आणि तू सगळ्यांदेखत माझं कौतुक केलंस. घरी मात्र त्याच संध्याकाळी पसारा केला म्हणून कान पिळलास. ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्याचा वास अजूनही कधीतरी उगीचच येतो. फार बरं वाटतं.

एक विचारू? रागावू नकोस. गोट्याने स्वतःच मांडलेल्या ठरावाविरुद्ध हात वर करावा, यात तुला काहीच खटकलं नाही? तुझ्यासमोर नाही म्हणायची छाती आहे कुणाची? माझी तर आजही नाही, म्हणून दूर बसून लिहितोय.

रागावलीस तरी लोभ असू दे. उत्तर मात्र धाड.

तुझा,
भाऊ

दि. ९ ऑगस्ट

चि. भाऊस,
अ. उ. आ. रागावले होतेच, म्हणून उत्तराला उशीर.

तू लिहिलंस ते डोक्यातून जाईना. त्यातच समितीतली चिमणी घरी आली. ती आता शिवणकाम करते. कपड्यांची मापं घ्यायला आले म्हणाली, पण फीत नुसतीच बोटाला गुंडाळत बसली. शेवटी तिने सांगितलं, की तिची मुलगी तिसरीत आहे आणि तिसरीत ती एकटीच आहे. मधल्या सुट्टीत भिंतीवर चेंडू मारत बसते. जोडीला कुणी असलं की वर्गात काय बोलतात, असं आईला विचारते. मग सभेत का नाही बोललीस, मी विचारलं. खाली मान घालून म्हणाली, बाई, तुम्ही बघत होतात.

काल विषय पुन्हा घ्यायला लावला. मग सगळ्यांना म्हटलं, डोकी टेबलावर ठेवा, डोळे मिटा. वर्गात खिडकीची काच कुणी फोडली हे विचारताना मी असंच करायचे, म्हणजे कुणाला कुणाची लाज वाटत नसे. गोट्याने चष्मा काढून नीट बाजूला ठेवला आणि टक्कल टेबलाला टेकवलं. मुलांना मोठ्या शाळेत पाठवावं असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी हात वर करा, मी म्हटलं.

चिमणीचा हात आधी वर आला, जेमतेम टेबलावरून सुटलेला. मग गोट्याचा. मग एकेक करत सगळ्यांचे. फार वाईट वाटलं रे. माझं अख्खं आयुष्य त्या खोलीत गेलं. पण भिंतीवर चेंडू मारणारी ती पोर काही डोळ्यांपुढून हलेना. मीही हात वर केला. कुणी पाहिला नाही, तुला म्हणून सांगते.

आता फक्त माना वर करा म्हणायचं राहिलं होतं. आणि बाईंनी सांगितल्याशिवाय मान वर करायची नाही, म्हणून ती एवढाली माणसं डोकी टेकून तशीच बसून राहिली. मीही घाई केली नाही. असा वर्ग पुन्हा काही मला मिळणार नव्हता.

या खेपेला लोभ जरा जास्तच पाठव.

तुझी,
ताई