बुढीची फूट

माय, कशी आहेस? गुडघा अजून सुजतो का, की तिथं चालावंच लागत नाही? बाबांचा खोकला बसला का? त्यांना सांग, बिडी तिथंही वाईटच. आजीला आता दिसत असेल तर माझं तोंड एवढ्यात दाखवू नकोस; तिनं शेवटचं पाहिलं तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते. कटंगीला दिलेली तुझी थोरली लेक गेल्या पोळ्याच्या सुमारास तुझ्याकडे आली. तिला साखर आहे हे ती स्वतःहून सांगणार नाही, म्हणून मी सांगतो, गुळाचा डबा तिच्या हाती लागू देऊ नकोस. भुरी शेळी भेटलीच तर तिचीही खुशाली विचार. इकडे तुझी सून पाठीला तेल चोळत घर चालवते, नात हिंदीत शिकते, हिंदीतच भांडते आणि माझं मराठी ऐकून हसते. मी ठीक आहे. ठीक आहे असं लिहिलं खरं, पण तेवढ्यासाठी कोणी सव्वीस वर्षांपूर्वी गेलेल्या आईला पत्र लिहीत नाही. शाळेत मी दोनच इयत्ता काढल्या. बाकीचं वाचणं नहरीच्या पाणीपट्टीवरचे आकडे आणि बंगल्यात साहेबांनी टाकून दिलेली वर्तमानपत्रं यांवर शिकलो. त्यामुळे लिहायला बसलं की माझी भाषा शर्ट खोचून उभी राहते. तू हसशील. हस.

नहर अजून तशीच आहे, इंग्रजांच्या काळात बांधली तशी. वैनगंगेच्या बंधाऱ्यातून निघते, दगडी पुलांखालून वळत वळत धानाच्या शेतांपर्यंत, बांध्यांपर्यंत जाते. पण डाक बंगल्यापासून वरच्या जांभळांपर्यंत दोन्ही काठांवर आता मोठा बगीचा केला आहे. फरशीची वाट, बाकं, फुलपाखरांसाठी म्हणून लावलेली झुडपं. सकाळी माणसं हात झुलवत चालतात आणि एका कोपऱ्यात गोल करून मुद्दाम मोठमोठ्यानं हसतात. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘यायले घरी हसू येत नाही काय?’ मी पेन्शनीत निघालो तरी रोज तिथं जातो. झाडांची आळी करतो, आणि नवीन कामगारांना पाळीतली, काठाच्या मातीच्या भरावातली, खेकड्याची बिळं बुजवायला शिकवतो. आधी तणस, मग चिकणमाती, मग टाचेनं दाबायचं. तू शिकवलंस तसंच. फक्त एक गोष्ट मी त्यांना शिकवत नाही. पाळीवर अनवाणी चालायचं, ही.

बाबा गेल्यावर त्यांच्या जागेवर तुला नहर खात्यात बेलदाराचं, पाळ राखायचं काम मिळालं, तेव्हा सगळे म्हणाले, बाई माणूस पाळीवर काय करणार. तुझा नेम ठरलेला. पहाटे चपला हातात घ्यायच्या आणि पाळीवरून चालायला लागायचं. पाणी एका अंगाला, बांध्या दुसऱ्या अंगाला. मधेच थांबायचीस, टाच रोवून उभी राहायचीस, डोळे मिटायचीस. ‘इथं गार लागून राह्यलं,’ म्हणायचीस, आणि खरंच, गवत बाजूला केलं की खाली खेकड्याचं बीळ, आणि बिळात ओल. डोळ्यांना दिसत नव्हतं ते तुझ्या टाचांना कळायचं. मी एकदा विचारलं, कसं काय कळते? तर म्हणालीस, ‘पाळ आजारी पडली का तिले घाम येते. लेकराचं कपाळ पाहत नाही का आपण हात लावून?’

तो दिवस मी कोणाला कधी लिहून सांगितला नाही, आज तुलाच सांगतो, जशी काही तू तिथं नव्हतीस. धान निसवत होतं आणि नहर काठोकाठ भरून चालली होती. तुझा गुडघा सुजून भोपळा झाला होता. हजेरीत तुझं नाव लावून तुझा फेरा मी घेतला. मी तेव्हा रोजीवर होतो आणि त्याच महिन्यात मला पक्कं करायची बात चालली होती. वरून खात्यानं आम्हाला गमबूट वाटले होते, काळे, नवेकोरे, चालताना पुक-पुक वाजणारे. तू ओसरीत पाय लांब करून बसली होतीस. म्हणालीस, ‘बूट काढून जाय.’

‘काहून? सरकारनं घालाले देल्ले.’

‘सरकारले पाय हायेत काय?’

मी हसलो. मी बूट घालून गेलो, बूट घालून आलो, आणि वहीत लिहिलं, पाळ कोरडी. जांभळांच्या अलीकडे गवत जरा जास्तच हिरवं होतं, ते मला दिसलं होतं, माय. दिसलं होतं. मला वाटलं, हिरवं आहे तर चांगलंच आहे. खाली टाच असती तर कळलं असतं. दुपारी, लोक भाकर खाऊन झाडाखाली आडवे झाले तेव्हा, पाळ तिथंच बसली. पाणी बांध्यांत घुसलं, निसवलेलं धान आडवं झालं, वरून रेती पसरली. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. गावातल्या बाया पदर खोचून रेतीची पोती वाहत होत्या, आणि तू सुजलेला गुडघा ओढत पोचलीस, कंबरभर पाण्यात उतरलीस.

संध्याकाळी साहेब जीपनं आले. सगळे ओळीनं उभे. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, ‘सुबह यह टुकड़ा किसने देखा था?’ तू माझ्याकडे पाहिलंस. मी माझ्या बुटांकडे पाहिलं. चिखल लागून ते बूट कोणाचेही वाटत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, ‘माय गेलती, साहेब. हजेरीत तिचंच नाव हाये.’ मला काही धमकी नव्हती, कोणी माझा गळा धरला नव्हता. एक क्षण होता, आणि त्या क्षणात पक्की नोकरी होती. तू तेवढाच वेळ घेतलास जेवढा पदर डोक्यावर सारखा करायला लागतो. म्हणालीस, ‘हौ साहेब. मीच गेलती. आता पाय बहिरे झाले माहे.’

घरी आल्यावर मला वाटलं, तू मारशील. मारलं असतंस तर बरं झालं असतं. तू फुटलेल्या जागेवरून ओटीत भरून खेकडे आणले होतेस. त्यांचा झणझणीत रस्सा केलास, भात वाढलास आणि ताट माझ्यापुढे सरकवलंस. ‘खा. यायनंच फोडली.’ मी मान खाली घातली. तू आणखी एक नांगी माझ्या ताटात टाकलीस आणि म्हणालीस, ‘ढकलायचंच होतं तर यायच्यावर ढकलतास. बिचाऱ्यायले बोलता येत नाही.’ बस, एवढंच. त्यानंतर त्या गोष्टीचा एक शब्द तू जन्मभर काढला नाहीस. मी सगळे खेकडे खाल्ले, हेही लिहून ठेवतो. चव लागली होती.

साहेबांनी तुला पाळीवरून काढलं आणि बंगल्याच्या आवारात झाडांना पाणी घालायला लावलं. रिटायर होईपर्यंत तू तिथंच होतीस. मी पक्का झालो. मी पाळीवरून चालायचो, आणि तू बंगल्याच्या कुंपणाआडून विचारायचीस, ‘जांभळापाशी कशी हाये?’ जशी काही घरातल्या आजारी माणसाची चौकशी. तू तिथं बकुळीची ओळ लावलीस. आज बगीच्यातली सगळ्यात जुनी झाडं तीच. नवरा-नवरीचे फोटो तिथं काढतात. माझ्या लाजेवर लोक हार घालून उभे राहतात आणि हसतात.

आता खरी गोष्ट. पाळ फुटली त्या जागेला लोक ‘बुढीची फूट’ म्हणतात. सुरुवातीला चेष्टेनं म्हणत, नंतर नावच पडलं. ‘बुढीच्या फुटीपाशी भेट,’ असं तुझी नातसुद्धा मैत्रिणीला फोनवर सांगते, तिला ठाऊक नाही बुढी कोण. आणि आता बगीच्यात जागोजागी इतिहासाचे फलक लागणार आहेत. बगीच्याच्या कामावर खात्याच्या नवीन मॅडम आल्या आहेत, पोरीसारख्याच, गोड बोलणाऱ्या. परवा बकुळीखाली चालायला येणारी मंडळी जमली होती. मॅडमनी विचारलं, ‘काका, ये बुढीची फूट की क्या कहानी है? बोर्ड पर लिखवाएँगे.’ कोणीतरी सांगूनही टाकलं, एक म्हातारी बेलदारीण होती, तिला दिसलं नाही, पाळ फुटली.

माय, मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो, ‘मॅडम, वो फूट मेरी माँ की नहीं थी. मेरी थी. मैं बूट पहनके गया था.’ चाळीस वर्षं गिळलेलं वाक्य, आणि ते एवढं छोटं निघालं. मग एक रिटायर मास्तर, रोज हसण्याच्या गोलात असतात ते, डोळे पुसत म्हणाले, ‘देखा? आज भी माँ का दोष अपने सिर ले रहा है. ऐसे होते हैं बेटे.’ आणि टाळ्या वाजल्या. मॅडमनी माझे हात धरले. म्हणाल्या, ‘काका, यह भी लिखेंगे. बूढ़ी माँ की भूल, और बेटे की भक्ति.’

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. तोंड उघडलं होतं. पण टाळ्या वाजतच होत्या, आणि माझे हात आपोआप जुळले, पुढाऱ्यासारखे. म्हणजे त्या दिवशी साहेबांपुढे जे केलं तेच मी परवा पुन्हा केलं, फक्त या वेळी मला शाबासकी मिळाली.

काल पहाटे चपला काढून जांभळापर्यंत चालत गेलो. त्या जागी टाच रोवून डोळे मिटले. काही कळलं नाही. फरशी बसवली आहे तिथं.

फलक लिहायला रंगारी बुधवारी येऊन राह्यला. सांग, मी मॅडमच्या घरी जाऊन पुन्हा बोलू का, हळू, एकेक शब्द, मास्तरांना बोलावून? की राहू देऊ? हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, आणि तुझं उत्तर येणार नाही हेही ठाऊक आहे. खरं सांगायचं तर म्हणूनच तुला विचारतो आहे, म्हणजे बुधवार निघून गेल्यावर म्हणता येईल, मी मायच्या उत्तराची वाट पाहत होतो. तू हे पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. तरी लवकर लिही, माय. मंगळवारपर्यंत लिही.