अंगणातल्या गलांड्यामुळे घर कसं विकलं गेलं नाही

लिमाचे, डिसेंबरातला रविवार

तीर्थरूप क्लोतिल्देताई हिच्या पायांवर धाकट्या एवारिस्तोचं डोकं. (हल्ली वाकलं की कमरेत चमक भरते, तेव्हा टेकलं असं समजून घे.) ओसोर्नोत पाऊस उघडला का? गुडघे काय म्हणतात? मी खुशाल आहे. माझी एलोइसा देवाघरी गेल्यापासून माझ्या जेवणाचं कसं होणार ही काळजी तू दर पत्रात करतेस, म्हणून कळवतो की माझा रस्सा आता दुसऱ्यांनाही खाता येतो.

घर अजून का विकलं गेलं नाही, असं तू जरा चिडूनच विचारलंस. ताई, यात माझा काडीचा दोष नाही. दोष तुझ्या फुलांचा आहे. अंगण बोडकं दिसतं, गिऱ्हाईक फाटकातूनच परत फिरतं, असं दलालीण मार्सेलिनाबाईंनी तुला फोनवर सांगितलं काय, आणि तू गलांड्याचं आणि पांढऱ्या मार्गारिता फुलांचं बी धाडलंस काय! भरपूर ऊन, बेताचं पाणी, एकदा रुजली की वर्षानुवर्षं निगा नको, असं तूच लिहिलं होतंस. ऊन आपल्याकडे इतकं की दुपारी मांजरसुद्धा अंगण ओलांडायचा कंटाळा करतं. तेव्हा मी अर्धं बी फेकलं आणि निगा न करण्याच्या कामाला लागलो. (ते मला छान जमतं.) शेजारच्या रोसेंडाबाईंच्या कोंबड्यांनी त्याच सकाळी त्याचा फडशा पाडला.

उरलेलं बी मी अंड्यांच्या पुठ्ठ्यांत माती भरून पेरलं आणि कोंबड्या पोचू नयेत म्हणून पडवीच्या छपरावर ठेवलं. चांगली नखाएवढी रोपं आली. मग भूकंप झाला. मोठा नव्हे, आपला नेहमीचा. रोसेंडाबाईंनी हातातला चहाचा कपसुद्धा खाली ठेवला नाही. पण पुठ्ठे तेवढे खाली आले. त्या राड्यातून मी हिरवं दिसेल ते वेचून भिंतीकडेला ओळीनं लावलं आणि बाकीची माती झाडून फाटकाजवळच्या खडीत टाकून दिली.

भिंतीकडची ओळ काय वाढली म्हणून सांगू! सकाळ-संध्याकाळ पाणी, दुपारी जुन्या चादरीची सावली. (निगा नको म्हटलं तरी माणसाला राहवत नाही.) रोसेंडाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "काय एवारिस्तोभाऊ, तणाला आंघोळ घालताय? मग अंगही पुसत असाल!" मी म्हटलं, "तण नाही बाई, मार्गारिता आहे." त्या म्हणाल्या, "माझ्याकडे गाय असती तर तुमच्या मार्गारितेचा केव्हाच चारा झाला असता." पुढे तिला पिवळे तुरे आले, आणि पडक्या जागांवर उगवतं तेच ते रानमोहरीचं तण, हे माझ्याही लक्षात आलं. उपटायला रोसेंडाबाई आपण होऊन आल्या आणि तेव्हा मात्र अजिबात हसल्या नाहीत. (आधीच पोटभर हसून झालं होतं.)

खरी रोपं फाटकाजवळच्या खडीत होती, मी टाकून दिलेल्या मातीत. पण ती वर्षभर नुसती जमिनीला चिकटून पानं पसरत बसली. फूल म्हणून नाही. त्याच सुमारास फाटकाच्या आत पहिलं गिऱ्हाईक आलं. अंगणात सिमेंट ओतून गाडी लावीन म्हणाला. मी त्याला भिंतीची भेग दाखवली आणि रोसेंडाबाईंच्या कोंबड्याची बांग कुठपर्यंत पोचते ते सांगितलं. खोटं एक अक्षर बोललो नाही. तो गेला.

आणि यंदाच्या वसंतात, ताई, फुललं. लाल-पिवळा गलांडा, त्यात पांढऱ्या मार्गारिता, फाटकापासून पायरीपर्यंत नुसती दाटी. मी पाणीसुद्धा क्वचितच घालतो. रस्त्यानं जाणारे थांबतात. संध्याकाळी रोसेंडाबाई आपली खुर्ची घेऊन येतात, मी पाव आणि अवोकाडो आणतो, आणि अंधार पडेस्तोवर आम्ही बसतो.

मग गेल्या आठवड्यात मार्सेलिनाबाई सान्तियागोच्या एका बाईंना घेऊन आल्या. त्या फाटकातच थबकल्या. "घर आतून बघायलाच नको," म्हणाल्या, "मला हे हवं." मार्सेलिनाबाईंनी मला डोळा मारला. मी रोसेंडाबाईंची तिथेच राहिलेली खुर्ची माझ्या खुर्चीजवळ सरकवली. (आनंदानं असेल.) बाई गुडघ्यांवर बसल्या, एक फूल हातात धरून म्हणाल्या, "यांचं काय काय करावं लागतं?"

'काही नाही' म्हणायला मी तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "सुकलेली खुडावी लागतात."

"केव्हा?"

"रोज संध्याकाळी. आणि मग त्यांच्याजवळ बसावं लागतं."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्या दोन खुर्च्यांकडे. उठून गुडघे झटकले. "तुम्हाला हे घर विकायचं नाहीये, आजोबा."

"असं मी कुठे म्हटलं?"

"नाही म्हटलंत," त्या म्हणाल्या, रुमालात थोडं बी बांधून घेतलं आणि गेल्या. आता तूच सांग, माझं काय चुकलं?

तेव्हा काळजी नसावी. चांगलं गिऱ्हाईक मिळालं की सामान बांधून तुझ्याकडे कायमचा निघतोच.

तुझा आज्ञाधारक,
एवारिस्तो

ता.क. चांगलं गिऱ्हाईक मिळणार नाही. 'विकणे आहे'ची पाटी मी काल काढली. माझ्यासाठी रंगवून ठेवलेली खोली अडकवून ठेवू नकोस. रागावलीस तर पत्रातून रागाव, फोनवर मला रडू येतं.

पुन्हा ता.क. इथली मागची खोली मी आणि रोसेंडाबाईंनी मिळून झाडून काढली आहे. पलंगावर दुपारपर्यंत ऊन असतं. गुडघ्यांना ऊन चांगलं, असं त्या म्हणतात. मी काही म्हणत नाही.

शेवटचा ता.क. मार्सेलिनाबाईंचा हात रिकामा राहिला याचं मला फार वाईट वाटलं. त्यांची मावसबहीण तुमच्या ओसोर्नोत हाच धंदा करते. तिला तुझा पत्ता दिला आहे. गुरुवारी दुपारी ती तुझं घर बघायला येईल. दार उघड, ताई.