अंगणातली ओहोटी

१ नोव्हें. ९९, सोम.
ह्यांचं कोरियाहून पत्र. सिन्नरच्या कारखान्याने ट्रेनिंगला धाडलंय. सुट्टीत बेटावरचा किल्ला पाहून आले. १८७१ साली पाच अमेरिकन जहाजं तोफा घेऊन आली, तह करा म्हणून. किल्ला पडला, आतले जवळजवळ सगळे मेले. पण तह नाहीच! जहाजं हात हलवत परत. सोबत तीन फोटो.
ठरलं. यंदा दिवाळीचा किल्ला मी करणार, आणि हाच.

२ नोव्हें.
सासऱ्यांना, नानांना, सांगितलं. कॉलनीच्या स्पर्धेत तीस वर्षं किल्ला नानांचाच. यंदा गुडघे दुखतात म्हणून बंद. "दिवाळीत हरलेला किल्ला? आणि महाराज कुठे बसवणार?" तेव्हापासून अबोला. असू दे.
नाव द्यायला गेले तर सेक्रेटरी हसले. "वहिनी, तुम्ही?" म्हटलं, लिहा, मीच.

४ नोव्हें., गुरु.
माती, विटा, गोणपाट. कंबर गेली. तोफा रिफिलच्या, काड्यांना बांधलेल्या. खऱ्याही म्हणे ओंडक्यांना बांधलेल्या, वळायच्याच नाहीत. जहाजं थर्माकोलची, शिपाई प्लास्टिकचे. उद्या समुद्र.

६ नोव्हें., शनि.
सकाळी समुद्र गायब! काल चर खणून चार बादल्या ओतल्या, खाली प्लास्टिक घालायचं विसरले. जहाजं चिखलात आडवी, परीक्षक फाटकात, नाना खुर्चीत. रडूच येणार होतं. तेवढ्यात पत्र आठवलं: ओहोटीला तिथे लांबवर चिखल, अमेरिकन शिपाई गुडघ्यापर्यंत रुतले होते.
"सर, ओहोटी आहे. बघा कसे रुतलेत!"
सर मातीतच बसले. वीस मिनिटं! उठताना मात्र, "महाराज नाहीत. नियमात बसत नाही हो."
म्हटलं, "दारात आलेल्याला तहाशिवाय परत धाडलं. महाराजांनी शाबासकीच दिली असती."
गल्लीभर टाळ्या. सर म्हणाले, बघतो. नंबर येवो न येवो, जिंकले मी!

७ नोव्हें., रवि.
अभ्यंगस्नान उरकून बाहेर आले, तर नाना गुडघा धरून चराशी. प्लास्टिक अंथरून तांब्याने पाणी ओततायत. पाच दिवसांनी बोलले, "भरती यायला नको का?"
शेजारचे काका डोकावले. कुणाचा हो किल्ला?
"आमच्या सूनबाईंचा."
पत्र्याच्या डब्यातले महाराज नानांनी काढलेत. किल्ल्यावर नाही बसवले. समोर तुळशीच्या कट्ट्यावर ठेवलेत, लढाई बघताना.
नियमात बसतं का, ते भाऊबीजेला निकालात कळेल.