एकाच वायरीची दोन टोकं

१४ नोव्हेंबर

धाकट्या,
अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी वाच, मग खुशाल फाड.

इकडे सगळं ठीक. छापखाना चालू आहे, माझे गुडघे कुरकुरतात. तुझे भावोजी अजून चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधतात.

हसू नकोस, मी कॉम्प्युटर एकमेकांना जोडायच्या, नेटवर्किंगच्या क्लासला जाते. अठ्ठावन्नाव्या वर्षी! तू गेल्यापासून छापखान्यातलं काही बंद पडलं की दर वेळी बाहेरचा माणूस बोलवा, त्याची मिजास सोसा. म्हटलं, आपणच शिकू. शिकवणारी पोरगी तुझ्या लेकीएवढी. वायरीचं टोक बसवायला मला चार दिवस लागले. आठ रंगांच्या तारा, क्रम चुकला की काप पुन्हा! तू गप्पा मारत बसवायचास.

मंगळवारी तिने स्विच समोर ठेवला, सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी ज्यात खोचतात त्या आपल्या छापखान्याच्या भिंतीवरच्या डब्यासारखाच. म्हणाली, "एकाच वायरीची दोन्ही टोकं यात खोचली, तर निरोप आतल्या आत गरगर फिरतात आणि सगळं ठप्प होतं." करूनही दाखवलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं.

नऊ वर्षांपूर्वी शाळांच्या पुस्तकांची घाई होती आणि सगळे कॉम्प्युटर बंद पडले. कामगारांसमोर मी तुला म्हटलं, "अर्धवट शिकलास आणि माझा छापखाना बुडवलास." त्या सकाळी स्विचमधून एक वायर लोंबकळत होती. मला पसारा बघवत नाही. रिकामं भोक दिसलं, तिचं दुसरं टोक खोचून दिलं.

हे मला क्लासमध्येच कळलं, असं लिहून मोकळी होणार होते. पण ते खोटं आहे रे. तू बॅग घेऊन गेलास, तासाभराने बाइंडरकाका म्हणाले, "ताई, ते टोक काढून बघा." काढलं, आणि सगळं सुरू झालं. का ते समजलं नाही, पण कुणामुळे ते समजलं. तू अजून स्टँडवर असशील, हेही माहीत होतं. धावत आले असते तर सापडला असतास. पण मी मोठी, मी चुकले कसं म्हणू? नऊ वर्षं मिठाची गुळणी धरून बसले.

काल सगळ्या कामगारांना बोलावून खरं सांगितलं. काका तेवढे मान खाली घालून उभे. मग म्हणाले, "त्याला माहीत होतं, ताई. जाताना मला म्हणाला, तासाभराने तिला ते टोक काढायला सांगा. माझं नाव नको, चारचौघांत तिला खाली बघायला लागेल."

मी चारचौघांत तुझी अब्रू काढली, आणि तू माझी राखून गेलास. इतकं कशाला रे केलंस?

फोन कर. शिव्या द्यायला कर, पण कर.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझी ताई