आमचे भाडेकरू कसे आहेत, असं विचारतेस म्हणून

भोर

तीर्थस्वरूप ताईस,

श्रीपादचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार (गुडघे वाकत नाहीत, तेव्हा मनानेच ठेवलंय). तुझा बीपी काय म्हणतो? भाऊजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्यांना आता सगळं स्वच्छ दिसायला लागलं असं कळलं. सांभाळून राहा. आमच्याकडे सौदामिनीचा गुडघा सोडला तर सगळं ठीक. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे मी फोन नव्हता तेव्हापासून सोसतो आहे.

तर मुद्दा. धनकवडीतला तुझा फ्लॅट रिकामा झालाय. आमच्या वरच्या मजल्यावरचे शार्दूल आणि वैदेही तिथे राहायला आले तर कसं, माणसं कशी आहेत, असं तू विचारलंस. तुझ्या नातवाच्या, अर्णवच्या मुंजीत तू वैदेहीला शेजारी बसवून स्वतःच्या हाताने जिलबी वाढत होतीस, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती (आम्हाला एकेकच आली).

कसं सांगू? भाडेकरू मिळणं आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आमच्या आळीत ज्याला जमलं त्याने घरावर मजला चढवला आणि दारावर पाटी लावली. समोरच्या बाळाबाईंनी इन्व्हर्टर घेतला, पाण्याचा फिल्टर घेतला, आणि खोली बघायला येईल त्याला पिठलं-भाकरी वाढायला सुरुवात केली. लोक जागा आमची बघायचे आणि जेवायला तिकडे जायचे. जेवलेला माणूस काही परत यायचा नाही. आमचा मजला वर्षभर रिकामा. मी रोज संध्याकाळी वर जाऊन दिवा लावून यायचो. सौदामिनी म्हणायची, उगाच वीज कशाला जाळता (पण विसरलो तर आठवण तीच करायची).

बरं, नुसता मिळून उपयोग काय? माणूस भरवशाचा हवा. तुझं लग्न ठरवताना दादांनी भाऊजींची चौकशी त्यांच्या आळीतल्या वाण्यापासून न्हाव्यापर्यंत केली होती. मी तीच रीत भाडेकरूंना लावली. आधीच्या घरमालकाकडे स्वतः जायचं, ऐसपैस बसायचं आणि विचारायचं. पहिला उमेदवार कापूरहोळचा. त्याच्या मालकाने असं कौतुक केलं म्हणतेस, अगदी देवमाणूस! सामान हलवायला आपला टेम्पो दिला, वर स्वतः पाठीमागे गाद्यांवर बसून पोचवायला आला (मी तेव्हाच ओळखायला हवं होतं). हा देवमाणूस वरातींना डीजे लावायचा, आणि दुपारी आम्ही जरा आडवे झालो की स्पीकरच्या खोक्यांची तपासणी करायचा. फडताळातली भांडी आपली आपण खाली उतरायची. पुढे नसरापूरचे एक गृहस्थ त्याची चौकशी करायला आले. मी त्यांना बसवलं, आल्याचा चहा पाजला, देवमाणूस आहे म्हणून सांगितलं आणि लगेच टेम्पोवाल्याला फोन केला.

त्यानंतर शार्दूल-वैदेहीचं नाव आलं. तेव्हा ती दोघं कामथडीला रखमाजी म्हणून एक शेतकरी आहेत, त्यांच्याकडे राहत होती. शार्दूलला भोरला यायचं होतं, पण वैदेहीचा पाय निघत नव्हता. मी ओसरीवर बसून विषय काढला मात्र, रखमाजी सुरूच झाले. “लई वंगाळ मानसं वो! पानी किती वापरत्यात! रातच्याला दिवं मालवत न्हाईत. तुमी म्हातारी मानसं, तुमाला न्हाई झेपायचं.” त्यांच्या ठकुबाई तोंडाला पदर लावून मान डोलावत होत्या. मी मनातल्या मनात फुली मारली आणि उठलो, तोच आतून एक मुलगी चहा घेऊन आली. ठकुबाई तिला म्हणाल्या, “वैदेही, ह्यास्नी बिनसाकरंचा केलास न्हवं?”

ताई, मी परत खाली बसलो. जिच्यामुळे यांचा जीव म्हणे नकोसा झाला होता, तीच यांच्या स्वयंपाकघरात उभी राहून यांची साखर सांभाळत होती! (तिने सगळं ऐकलं होतं. हसू दाबत होती.) चहा संपायच्या आत मी आमच्या गच्चीवरचा वारा, समोरचा डोंगर, एसटी स्टँड किती जवळ, सगळं सांगून टाकलं. रखमाजी अजूनही बाजारात दिसले की तोंड फिरवतात.

असो, विषय भरकटला. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: ही माणसं घेऊ नकोस. पाणी अतोनात वापरतात. रविवारी वेल्ह्याकडे जाऊन तोरणा नाहीतर राजगड चढतात आणि अर्धा किल्ला बुटांना लावून आमच्या जिन्यावर आणतात. वैदेही भल्या पहाटे गाते. शार्दूल कुणाला न विचारता टाकीचा कॉक दुरुस्त करतो, त्यामुळे आमचा गेनू प्लंबर, जो अधूनमधून गप्पा मारायला यायचा, तो येईनासा झाला. वैदेहीने सौदामिनीच्या गुडघ्याला व्यायाम लावून दिलेत आणि समोर बसून करून घेते. परिणामी सौदामिनी आता जिना चढते, आणि मला हाका वरून यायला लागल्यात. असली माणसं तुझ्या घरात? तुला आधीच बीपी.

भाऊजींना नमस्कार सांग. तुझ्या हातची जिलबी अर्धवट राहिलेला,

तुझा धाकटा
श्रीपाद

ता. क. तुझ्या फ्लॅटसाठी माझ्या पाहण्यात एक फार गुणी माणूस आहे. सध्या नसरापूरला असतो. त्याचे मालक त्याची तोंड भरून स्तुती करतात. टेम्पोचं मी बघतो.

पुन्हा ता. क. पत्र सौदामिनीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, डीजेची आणि रखमाजींची गोष्ट लिहिल्यावर वन्सं काय खुळ्या आहेत का? खरंच की गं. पण एवढं सगळं पुन्हा लिहायचं माझ्या जिवावर आलंय. तेव्हा सरळच लिहितो. ताई, नेऊ नकोस त्यांना. शार्दूलची आताची कंपनी खेड-शिवापूरला, धनकवडीहून त्याला जवळ पडेल, हे मला कळतं. त्यांनी आपणहून जायचं म्हटलं तर मी आडवा येणार नाही. पण तू बोलावू नकोस. रिकाम्या मजल्यावर दिवा लावायला जाणं आता माझ्याच्याने व्हायचं नाही.

आणखी एक. हे लिहीत असताना टेबलावर चहा आला. आणणारीने माझ्या खांद्यावरून सगळं वाचलं. म्हणाली, “काका, रखमाजींनी दिव्यांचंही सांगितलं होतं. ते तुमच्या यादीत राहिलं.” तेव्हा तेही लिहितो: रात्री वरचे दिवे मालवत नाहीत.