मध्येच मरणारा नायक

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरात आणि फिल्म क्लबात ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. नियम तीन. रोज लिहायचं. खोटं लिहायचं नाही. डेंटिस्टबद्दल लिहायचं नाही.

काल क्लबची मीटिंग. डेंटिस्ट म्हणाला, सिनेमे एकट्यानं का निवडायचे काका, मोबाइलवर मतं घेऊ. मला काका म्हणतो. वाचनालयाच्या तळघरात एकोणीस वर्षं सिनेमे मी निवडतो. त्याआधी थिएटरात ऑपरेटर होतो. प्रोजेक्टरच्या केबिनमधून मी जितके सिनेमे पाहिले, तितके दात यानं आयुष्यात उपटले नसतील.

मग म्हणाला, कॉमिक्सवरचे जुने सिनेमे तर आता बघवतच नाहीत. मी म्हणालो, एक तरी टिकतो. ग्रंथपालबाईंनी तोच शब्द पकडला. म्हणाल्या, मग तेवीस तारखेला तो दाखवा. लोक शेवटपर्यंत बसले तर निवड तुमच्याकडेच. उठले तर मतदान.

तिसरा नियम उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार
संकल्प: अठरा दिवसांत वीस सिनेमे. दुपारी, ताठ पाठीच्या खुर्चीत. चरायचं नाही, झोपायचं नाही. तुलना झाली पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील आवडनिवड.

पहिला पाहिला. नायकाची छाती रबरी. तो वाकतो, छाती वाकत नाही. उडताना तार दिसते. भिंतीवर तारेची सावलीही दिसते. शिसारी आली. चाळिसाव्या मिनिटाला डोळे मिटले. ही झोप नव्हे. हे मत आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार
दुसरा आणि तिसरा. दुसऱ्यात शहर कोसळतं, नायकाचा भांग मोडत नाही. तिसऱ्यात खलनायक आपला बेत नऊ मिनिटं समजावून सांगतो. घड्याळ लावून मोजलं. आपल्याला बांधून ठेवलेलं असतानाही इतकं कुणी ऐकत नाही.

नायिका नायकाला ओळखत नाही, कारण त्यानं डोळ्यांवर बोटभर पट्टी बांधली आहे. मी म्हणालो, किळसवाणं. ही म्हणाली, माझ्या भावानं मिशी काढली तेव्हा तुम्ही त्याला पाणी आणायला सांगितलं होतंत, वेटर समजून. विषयाशी संबंध नाही.

शेंगदाणे खाल्ले. थोडे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
पाच दिवस लिहिलं नाही. उबग आल्यावर माणूस लिहीत नाही. चौथ्या सिनेमाची सुरुवातीची नावं पाहिली. तेवढ्यावरून कळतं.

तुलना पुरे. उत्तर मला आधीपासून माहीत आहे. एकच टिकतो.

तो आमच्या थिएटरात तीन आठवडे चालला. दहा रिळं. डबे आले ते गंजलेले, नंबर पुसट. मी दहाही झाकणं काढली, घासली, नंबर नव्यानं रंगवले, गच्चीवर वाळत घातली आणि मग बसवली. कामात नीटनेटकेपणा पाहिजे.

आणि काय सिनेमा! नायक मध्येच मरतो. पाचव्या रिळात दफन. एक अनोळखी बाई येऊन ओक्साबोक्शी रडते. कोण, का, काही सांगत नाहीत. सहाव्या रिळात नायक न्हाव्याकडे बसून दाढी करून घेतो आहे. खुलासा नाही. आठव्यात त्याच बाईशी लग्न. आणि नवव्यात, लग्न झाल्यावर, ती त्याला विचारते: आपण कोण? लग्नसंस्थेवर याहून भेदक काही मी पाहिलेलं नाही. तेही रबरी छातीच्या सिनेमात.

डोअरकीपरला रोज समजावून सांगत असे. तो मान खाली घालून ऐके. भारावला असणार. ही तेव्हा तिकीटखिडकीवर होती. एकदा विचारलं, कसा वाटला? म्हणाली, फार खोल आहे. पुढच्या महिन्यात मी मागणी घातली. एकतीस वर्षं झाली.

१७ फेब्रुवारी, सोमवार
जुन्या डिस्क विकणाऱ्याकडे तो मिळाला. ही म्हणाली, आधी एकदा घरी लावून बघा. म्हणालो, पाठ आहे. जेवताना पुन्हा म्हणाली, बघा तरी. हिला माझ्या स्मरणशक्तीची काळजी वाटू लागली आहे. वयाचा परिणाम. तिच्या.

प्रास्ताविक लिहायला घेतलं. सात पानं.

२३ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
प्रास्ताविक अकरा पानं. शर्ट इस्त्री केला. आज डेंटिस्टचे दात घशात.

त्याच दिवशी, संध्याकाळ
डिस्क सदोष.

एकतीस लोक होते. प्रास्ताविकात सगळं सांगितलं: मधलं दफन, न्हावी, लग्नानंतरचा प्रश्न. लोक वाट पाहत राहिले. पाचव्या रिळाच्या जागी ती बाई नायकाला बसस्टॉपवर भेटली आणि विचारलं, आपण कोण? मग प्रेम, मग लग्न. सगळं ओळीनं, नळाला पाणी यावं तसं. कुणीतरी म्हणालं, काका, मेला का नाही अजून? हशा.

मी उठलो. सिनेमा थांबवला. म्हणालो, कंपनीनं कापाकापी केली आहे, मूळ क्रम मी लावून दाखवतो. रिमोट घेतला. पुढे नेलं, दफन दाखवलं. मागे आणलं, न्हावी दाखवला. पुन्हा पुढे. मध्येच चिनी भाषा सुरू झाली, ती जाईना. मागून आवाज: सरळ लावा हो. दुसऱ्या उडीनंतर पहिली रांग उठली. तिसऱ्या उडीनंतर ग्रंथपालबाई. त्या जाताना म्हणाल्या, चालायचंच. डेंटिस्टनं विचारलं, काका, मी लावून देऊ का? मी रिमोट दुसऱ्या हातात घेतला.

शेवटी चौघं. डेंटिस्ट, झोपलेला वॉचमन, खुर्चीखाली छत्री शोधणारा एक जण आणि ही. हिचे डोळे कोरडे. मोठ्या कलेपुढे माणूस सुन्न होतो.

उद्या कंपनीला पत्र. कडक.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पत्राचा मसुदा हिला वाचून दाखवला. ती वाटाणे सोलत होती. म्हणाली, पाठवू नका. का? तर म्हणाली, झाकणं.

मला कळेना. म्हणाली, तुम्ही रंगवलेली झाकणं. वाळवून परत बसवताना पाचाचं नवावर गेलं आणि नवाचं पाचावर, रिळं तशीच लागली. चौथ्या दिवशी मॅनेजरला कळलं. पण लोक सिनेमा समजून घ्यायला दुसऱ्यांदा येत होते. तो म्हणाला, असू दे. डोअरकीपरला माहीत होतं. चहावाल्याला माहीत होतं.

विचारलं, आणि तुला? म्हणाली, मला सगळ्यात आधी. लोक येऊन खिडकीवर विचारायचे ना, की मेला तो कोण आणि दाढी करतो तो कोण.

मग फार खोल आहे असं का म्हणालीस? म्हणाली, तुम्ही इतके खूश होतात, तोंडावर कसं सांगायचं? आणि खिडकी सोडून मी सिनेमा पाहिला कुठे होता. पहिल्यांदा काल पाहिला.

कसा वाटला, हे विचारलं नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दोन दिवस विचार केला. चूक झाली असेल. पण तो क्रम दिग्दर्शकाला सुचला नाही, माझ्या हाताला सुचला. म्हणजे तो सिनेमा एका अर्थी माझा. जगात एकाच थिएटरात, तीन आठवडे. संकल्प: यावर लेख. अकरा पानं तयारच आहेत, फक्त नाव बदलायचं.

२ मार्च, रविवार
मतदान झालं. पहिला आला तोच सिनेमा. सरळ लावून. प्रस्ताव डेंटिस्टचा. म्हणाला, काकांनी शोधला, पूर्ण तर बघू. माझ्याकडे आता खुर्च्यांची व्यवस्था. आज तो लागला.

तार दिसते. छाती वाकत नाही. नायक मरतो तेव्हा ती त्याला चांगली ओळखत असते, लग्नाची बायकोच ती, आणि शेवटच्या रिळात, मी प्रतीक समजत होतो त्या यंत्रातून, तो जिवंत होतो. इतकं स्वस्त. शिसारी आली. एकही माणूस उठला नाही.

दफनाच्या सीनला शेजारी काहीतरी हललं म्हणून पाहिलं. ही रुमालानं डोळे पुसत होती.

मागच्या रविवारी माझ्या सिनेमाला रडली नव्हती.