अंदमानची स्वस्त तिकिटं

हेमाने मोबाइलवरचं बटण दाबलं, तेव्हा मी ‘थांब’ म्हणायला नुसतं तोंड उघडलं होतं. तिकिटं निघाली. तीर्थरूप दादा, नमस्कार आधी लिहायला हवा होता, तो इथे मानून घ्यावा. गुडघा कसा आहे? वारज्याचे चढ त्याला अजून मानवत नसणार. आम्ही नारायण पेठेत ठीक आहोत, म्हणजे एकमेकांशी बोलतो आहोत.

चार दिवस अंदमानला जायचं, तेही कमी खर्चात, असं ठरलं. (ठरलं म्हणजे हेमाने ठरवलं, कमी खर्चाचं खातं माझ्याकडे आलं.) मी म्हणालो, समुद्र आपण हरिहरेश्वरला पाहिला आहे. ती म्हणाली, “दोनदा पाहिला. दोन्ही वेळा अस्थी घेऊन.” लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यातली बत्तीस मी तिला ‘पुढच्या वर्षी’ म्हणतो आहे. (पहिली दोन वर्षं तिने विचारलं नव्हतं.)

मग मी तीन आठवडे अभ्यास केला. बेटावरच्या एका लॉजवाल्याला फोन करून दुपारी एक ते चार शांतता असते का, ते विचारलं. समुद्र बंद ठेवता येत नाही, असं त्याने हिंदीत सांगितलं. बरोबर न्यायला भाजणी, मेतकूट आणि छोटा कुकर काढला. हेमाने कुकर परत फडताळात ठेवला. “अहो, शिट्ट्या ऐकायला मी विमानात बसणार नाही.” विमानाची तिकिटं मात्र सप्टेंबरअखेरीस एकदम उतरलेली दिसली. हे इतरांच्या लक्षात कसं आलं नाही, याचा मला दोन दिवस अभिमान होता.

श्यामलावहिनींना नमस्कार सांगावा.

तुमचा
बाळ

ता. क. इतरांच्या लक्षात आलं होतं. तो पितृपक्ष आहे. आपल्या वडिलांची, नानांची तिथी बरोबर आमच्या तिसऱ्या दिवशी येते. तिकिटं परत होत नाहीत. यंदा श्राद्ध वारज्याला तुम्ही कराल का? आमच्याकडच्या वड्यांना दर वर्षी नावं ठेवता, तर ही संधी आहे. (सर्वपित्रीला करू, असं मी सुचवत नाही. आपल्या चुलतभावाने, रावसाहेबाने, ते एकदा सुचवलं होतं. त्याच्याशी तुम्ही अजून बोलत नाही.)

आणखी ता. क. तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी जाईन, असं हेमा म्हणते. जाणार नाही. ती घरी राहून वडे तळेल आणि एक शब्द बोलणार नाही. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या दिवशी. आज सकाळी मी पाकिटावर पत्ता घालत होतो, तेवढ्यात हेमाने वहिनींना फोन केला. श्राद्ध सर्वपित्रीला करायचं, असं दोघींनी ठरवलं. मग हेमाने आणखी दोन तिकिटं काढली. वहिनी दहा वाजता तुमच्यासाठी हाफ पँट आणायला बाहेर पडल्या. तुम्हाला त्यांनी अजून काही सांगितलेलं नाही.